दिल्लीले गेलेली पेटी

नत्थुजी आजकाल मंडीच्या मागच्या फाटकातून येते. समोरच्या फाटकापाशी चहाची टपरी आहे, तिथं सकाळपासून लोक बसलेले असतात, अन् त्यायच्या समोरून जायाची त्याले लाज वाटते. कोनी त्याले काही म्हनत नाई, बरं का. उलट टपरीवाला हाका मारून मारून थकते. पन हा मानूस मान खाली घालून टिनाच्या शेडमागून येते, आपल्या जागेवर बसते, अन् संध्याकाळी आला तसाच जाते. मी त्याले किती खेपा सांगतलं, अबे, तू काय कोनाचा खून केला? तर म्हने, "खून केला असता तर कोर्टानं सजा तरी देली असती, बशीर." आता अशा मानसाले काय करता!

मी बशीर. अंजनगावच्या संत्रा मंडीत माही सारी उमर गेली. आधी लाकडी पेट्या बनवत होतो. मंग प्लास्टिकचे क्रेट आले अन् माहा हातोडा थंडा पडला. आता भरलेल्या क्रेटवर कागद टाकून सुतळी बांधतो. नत्थुजी भरते, मी बांधतो, अशी आमची जोडी. त्याच्यासंग माहं रोज भांडन होते. एखाद्या दिवशी नाई झालं तर त्याची सून पौर्णिमा मलेच विचारते, "चाचा, बाबायची तब्येत बरी नाई का?"

पेटी भरनं म्हनजे काय, ते आधी सांगून टाकतो. भरनारा खाली बसते. त्याच्या डाव्या हाताले बारीक मालाचा ढीग, त्याले आमी चुरी म्हनतो. लहान फळ, डाग पडलेलं फळ, एका अंगानं हिरवं राह्यलेलं फळ, सारं त्यात. समोर मधला माल, उजव्या हाताले मोठा. पेटीच्या बुडाशी तनस टाकाचं, त्याच्यावर चुरी, त्याच्यावर मधला माल, अन् सगळ्यात वर एक थर मोठ्या, चकचकीत संत्र्यायचा. वरून पाहनाऱ्याले वाटावं की खालपर्यंत असंच सोनं भरलं आहे. याले कोनी चोरी म्हनत नाई. माह्या बापाच्या काळापासून असंच चालत आलं. देनाऱ्याले माहीत, घेनाऱ्याले माहीत, भाव त्याच हिशोबानं होते. अन् घेनाऱ्याच्या पुढं जो घेनारा आहे, दूर ढाक्यातला, त्याचा आमी कधी विचारच केला नाई. तो आमाले कुठं दिसते?

या कामात नत्थुजीचा हात म्हनजे हात. तो तुमच्यासंग गोष्टी करीन, तुमच्या डोळ्यात पाहीन, टपरीवाल्याले शिव्या घालीन, अन् खाली त्याचे दोन्ही हात आपापले चालू. डावा, डावा, मंग मधला, मंग उजवा. "माह्या हातायले डोळ्यायचं काम पडत नाई," असं तो छाती फुगवून सांगे. अन् खरंच होतं ते, मी खोटं काहून बोलू? त्याचा वरचा थर पाहून मानूस थांबून जाये. देठ आत, फुगीर बाजू वर, एकाले एक चिकटून, मधात बोट घालाले जागा नाई.

आमचा बहुतेक माल बांगलादेशात जाये. मंग तिकडच्या सरकारनं संत्र्यावरचा कर वाढवला, आनखी वाढवला, अन् आमची मंडी बसली. मोठे ट्रक कमी झाले. मंडीतले अर्धे हमाल बडनेऱ्याले मालधक्क्यावर पोते उचलाले गेले. नत्थुजी अन् मी म्हातारे, आमाले कोन नेते? आमी दिवसभर शेडात बसून कुत्रे हाकलत होतो.

अशात औंदा आंबिया बहाराचा संत्रा तोडनं चालू होतं, तवा बातमी आली की बांगलादेशचे पंतप्रधान दिल्लीले येऊन राहिले. आपल्या पंतप्रधानासंग बसनार, बोलनी होनार. पेपरात बोलनीचे विषय छापून आले होते. नद्यायचं पानी, सरहद्द, रेल्वे, वीज. संत्र्याचं नाव कुठं नाई! वकारशेठनं, आमच्या मंडीतल्या मोठ्या व्यापाऱ्यानं, तो पेपर टपरीवर दोनदा मोठ्यानं वाचला. जनू दुसऱ्यांदा वाचल्यावर संत्रा त्यात उगवनार होता.

अमरावतीचे किशोरभाऊ बागायतदार संघाचे अध्यक्ष आहेत. ते म्हने, कागदावर नाव नाई तर टेबलावर फळ ठेवू. ते लोक आपल्याले आंबे पाठवतात, आपन संत्रा पाठवू. पाहुन्यायनं खाल्ला तर गोष्ट निघीन. लय खटपट केली त्यायनं. ओळखीपाळखी काढल्या, साहेब लोकायच्या हातापाया पडले, अन् एक पेटी चहाच्या दालनात ठेवाची परवानगी आनली. एकच पेटी. पन ती कोनाच्या फळाची? अमरावतीवाले म्हनत, संत्रा म्हनजे आमचा. अकोलेवाले म्हनत, आमच्या पातूरकडचा चाखा अन् मंग बोला. तिकडं दोन देश बसायच्या आधी इकडं आमचे दोन जिल्हे मधल्या मूर्तिजापूरले बसले, काहून की अमरावतीवाले अकोल्याले जायाले तयार नव्हते अन् अकोलेवाले अमरावतीले. शेवटी ठरलं, अर्धं फळ इकडचं, अर्धं तिकडचं. भरनाऱ्याचं मात्र एकच नाव निघालं. नत्थुजी.

अन् त्यायले लाकडी पेटी पाहिजे होती, म्हनजे मी आलो! इतक्या वर्षांनी हातोडा काढला, त्याच्यावरचा गंज घासला. अशी पेटी बनवली की तिच्यात मानूस पुरला तर त्याले आराम वाटन. पेटीवर लावाले किशोरभाऊनं एक कार्ड छापून आनलं. वऱ्हाडचा संत्रा, भरनार नत्थुजी, अंजनगाव. मराठीत, इंग्रजीत, अन् खाली बंगालीत. नत्थुजी त्या बंगाली अक्षरावरून बोट फिरवत बसला. "हे माहंच नाव आहे का बे?" म्हने. मी म्हनलं, "नाई, माहं आहे. तुह्यावर चिपकवून देलं."

भरायच्या दिवशी मंडीत लगीन असल्यावानी गर्दी. पौर्णिमा मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. नत्थुजीच्या गळ्यात हार. संघानं निवडून आनलेलं फळ, एकेक पुसून, त्याच्या उजव्या बाजूले कापडावर ठेवलं होतं. समोर मधला माल होता, अन् डाव्या बाजूले चुरीचा ढीग पडलेला होता. तो तिथं काहून होता विचारा! होता, कारन त्याच दिवशी वकारशेठचा एक ट्रक भरत होता, अन् नत्थुजी त्यातून मधात उठून आला होता. कोनाच्या डोक्यातच आलं नाई की तो उचलावा. किशोरभाऊ भाषन करून राहिले, पोट्टे ओरडून राहिले, "नत्थुजी, इकडं पाहा, हसा!" अन् नत्थुजी हसला. सारा वेळ मोबाईलकडं पाहून हसत होता तो. पेटी भरली, वरचा थर लागला, बायायनं आ केला. मी झाकन ठोकलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. पेटी गाडीत बसून नागपूरले गेली अन् तिथून विमानानं दिल्लीले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमाचा मले फोन. "चाचा, लवकर या. बाबा जेवले नाई." मी गेलो तर हा ओट्यावर बसलेला, चेहरा पार उतरलेला. सकाळपासून तोच व्हिडिओ पाहत होता म्हने. आधी आनंदानं. पाहुन्यायले दाखवला, शेजाऱ्यायले दाखवला. मंग सगळे गेल्यावर एकट्यानं पाह्यला.

"बशीर," म्हने, "माह्या तोंडाकडं पाहू नको. हाताकडं पाह्य."

मी पाह्यलं. वर नत्थुजी हसून राहिला होता, अन् खाली त्याचा डावा हात डावीकडं गेला. चुरी उचलली, पेटीत ठेवली. परत गेला. परत उचलली. सारा बुडाचा थर चुरीचा. नेहमीवानी, सफाईदार, फटाफट. मंग त्याच्यावर मधला, अन् शेवटी वरून संघाचं ते निवडलेलं फळ, देठ आत, फुगीर बाजू वर. उरलेलं चांगलं फळ कापडावरच राह्यलं होतं, ते मंग लोकायनं प्रसाद म्हनून खाल्लं. मीबी दोन खाल्ले होते.

"काही बोल ना बे," नत्थुजी म्हने.

काय बोलू? झाकन माह्याच हातानं ठोकलं होतं ना. तौबा, किती प्रेमानं ठोकलं होतं!

आमी मंडीत गेलो, वकारशेठले सांगतलं. त्यायनं व्हिडिओ पाह्यला, अन् आधी तर शेडाचं दार लावून घेतलं. मंग म्हने, "नत्थुजी, हात गेला, ठीक आहे. मुद्दाम नाई केलं तू. पन आता अमरावतीले जाऊन काय सांगशीन? की आमी पेटी अशी भरतो? किशोरभाऊले सांगतलं म्हनजे दिल्लीले सांगतलं, अन् दिल्लीले सांगतलं म्हनजे ढाक्याले. सगळ्या मंडीची अब्रू जाईन. ते मोठे लोक आहेत, फळं खायाले थोडेच येऊन राहिले? फोटो काढतीन अन् उठतीन. गप बस."

मले ते पटलं, खोटं सांगत नाई. मी म्हनलंबी, "शेठ बरोबर बोलून राहिले, नत्थुजी."

नत्थुजी खाली मान घालून म्हने, "शेठ, तिथं दोन देश बोलाले बसले आहेत. एकमेकावर विश्वास ठेवा म्हनून सांगून राहिले असतीन. अन् मधात आपली पेटी उघडली तर? तो मानूस म्हनीन, हे लोक भेटीच्या पेटीत असं करतात, तर कागदात काय करत असतीन?" मंग आपल्या हाताकडं पाहून म्हने, "माह्या हातानं साऱ्या वऱ्हाडाचं वाटोळं होईन हो, शेठ."

शेठ दार उघडून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आमी दोघं अमरावतीले निघालो. बोलनी त्याच दिवशी होती. वाटेत मी त्याले लय समजावलं. म्हनलं, एकट्यात सांग, किशोरभाऊले बाजूले घे. हाव, हाव, म्हने. अन् गेल्या गेल्या, संघाच्या ऑफिसात दहाबारा लोक टीव्हीसमोर पेढे घेऊन बसले असताना, हा दारातच उभा राह्यला अन् सांगून मोकळा झाला! चप्पलबी काढली नव्हती. "भाऊ, मी पेटीत खाली चुरी भरली. मुद्दाम नाई भरली, पन भरली."

किशोरभाऊ आधी हसले. त्यायले वाटलं, म्हातारा मस्करी करते. मंग पौर्णिमाचा व्हिडिओ पाह्यला अन् त्यायचा चेहराच बदलला. "नत्थुजी, तुमाले समजते का, कुठं पाठवली आपन ती पेटी? मी कोनाकोनाचे पाय धरले त्याच्यासाठी?" आवाज चढत गेला. अकोल्याचे एक बागायतदार, धर्मेंद्रभाऊ, तिथंच बसले होते. ते हळूच म्हने, "म्हनून म्हनत होतो, भराले अकोल्याचा मानूस घ्या." अस्सा राग आला मले! अकोल्यात काय देवदूत भरतात का पेट्या? पन बोलाले जागा कुठं होती. नत्थुजी दोन्ही हात जोडून उभा होता. कोनी त्याले बस म्हनलं नाई. मीच खुर्ची ओढली.

किशोरभाऊचा भाचा चंदन दिल्लीले केटरिंगवाल्याकडं कामाले आहे. त्या दालनात चहा द्यायच्या मानसायत तो होता, हे आमचं नशीब म्हना की कमनशीब. किशोरभाऊनं त्याले फोन लावला. तो घाईत बोलला, "मामा, पेटी तपासून आत गेली. पाहरा आहे. आता तिच्यापाशी जाता येत नाई. अन् फोन बाहेर ठेवा लागते. चहा झाला की लावतो." संपलं.

मंग आमी टीव्ही पाहत बसलो. दोन्ही देशायचे झेंडे, लाल गालिचा, दोन्ही मोठी मानसं हात मिळवून राहिली. सगळे त्यायच्याकडं पाहून राहिले अन् नत्थुजी टीव्हीच्या कोपऱ्यात पेटी शोधून राहिला. "ते काय आहे, बशीर? त्या फुलायच्या मागं?" "टेबल आहे." "अन् ते?" "ते मानसाचे बूट आहेत, बयताडा." पेढ्याचा डबा तसाच उघडा पडला होता, त्याले कोनी हात लावत नव्हतं.

दुपार कलल्यावर फोन आला. किशोरभाऊनं मोबाईल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

चंदन म्हने, "मामा, मोठे लोक यायच्या आधी त्यायच्याकडचे अन् आपल्याकडचे अधिकारी चहाले आले. पेटी उघडली. सगळे वा वा म्हनले. फोटो काढले. आपल्या साहेबानं वरून एक संत्रा उचलून त्यायच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याले देला. त्यानं घेतला, धन्यवाद म्हनला, बाजूले ठेवला. अन् मामा, काय झालं, बोलता बोलता त्या मानसानं दोन्ही हात पेटीत घातले, वरचा सारा थर उचलून ताटात काढून ठेवला, त्याच्याकडं पाह्यलंबी नाई, अन् खालून एक फळ काढलं. मागून समजलं, त्यायच्या घरी ढाक्याले फळाचाच धंदा होता. सवयीनं गेला असन हात."

किशोरभाऊनं मोबाईल आनखी जवळ ओढला.

"खालून बारीक निघालं, डागाचं. आपले साहेब खाली पाहाले लागले. त्या म्हाताऱ्याचाबी चेहरा पडला, मामा. त्यायले वाटलं असन, आपन हे काय करून बसलो, पाहुने म्हनून आलो अन् लोकायची पेटी उचकली. मंग त्यायनं ते बारीक फळ तिथंच सोललं. खाल्लं. गोड आहे म्हनले. आपल्या साहेबालेबी अर्धं देलं. अन् मंग, मामा, त्यायनं ताटातला वरचा थर एकेक करून परत लावला. सोता. देठ आत घालून, जसा होता तसा. मले म्हनले, झाकन ठेव. मोठे लोक येऊन गेले, त्यायले काहीच समजलं नाई. पत्रकारायलेबी नाई."

"संत्र्याच्या कराचं काही निघालं का?" किशोरभाऊनं विचारलं.

"नाई, मामा. तो विषयच नव्हता."

फोन बंद झाला, अन् किशोरभाऊनं मोठा श्वास सोडला. "चला, सुटलो! कोनाले समजलं नाई." धर्मेंद्रभाऊ हसले. कोनीतरी चहा सांगतला. पेढ्याचा डबाबी फिरला, काहून फिरला ते त्यायलेच माहीत. एकानं नत्थुजीची पाठ थोपटली, "म्हातारबा, वाचलात." सगळ्यायले एकदम भूक लागल्यावानी झालं होतं. नत्थुजीनं पेढा घेतला नाई. तो उठला, सगळ्यायले हात जोडले, अन् जिना उतराले लागला. मी त्याच्या मागं धावलो.

परतीच्या यष्टीत तो खिडकीपाशी बसला. मी त्याले सांगत होतो, पाह्य, देवानं लाज राखली, मंडीची अब्रू वाचली, कर कमी झाला नाई तो काही तुह्यानं नाई, तो विषयच नव्हता म्हने. मी बोलत होतो अन् तो रडत होता. आवाज नाई, काही नाई, नुसतं पानी गालावरून चाललं होतं, अन् ते पुसायचंबी त्याच्या ध्यानात नव्हतं. पुढच्या सीटवरची बाई मागं वळून पाहाले लागली.

वलगाव गेल्यावर तो बोलला. "बशीर, त्यानं न पाहता वरचा थर बाजूले काढला. न पाहता. म्हनजे त्याच्या बापानं त्याले तसंच शिकवलं असन, की वऱ्हाडातून पेटी आली तर वरचं पाहाचंच नाई."

मी म्हनलं, "असन."

"इतक्या वर्षांत त्यायनं एकदाबी आपल्याले निरोप पाठवला नाई, की बावा, असं काहून करता?"

"नाई पाठवला."

"अन् आज त्यायचं आपल्या घरी येनं झालं, तर त्यानंच बसून माहा थर लावून देला." मंग तो माह्याकडं वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे हात मांडीवर नुसते पडलेले पाह्यले. "तो मानूस उद्या माह्यासमोर येऊन बसला अन् त्यानं विचारलं, नत्थुजी, काहून असं केलं, तर मी काय सांगू, बशीर? सवय होती म्हनून सांगू?"

मी खिडकीबाहेर पाहाले लागलो. दुसऱ्या दिवशीपासून तो मंडीच्या मागच्या फाटकातून याले लागला.